कौतुकाचा कागद आणि कामाचा कागद

गेल्या उन्हाळ्यात माझा एक शाळासोबती युरोपची सहल करून आला. बारा दिवसांत सात देश, असा त्या सहलीचा हिशेब होता. आणि बारा दिवसांत सात देश पाहिलेल्या माणसाजवळ सांगण्यासारखे थोडे व दाखवण्यासारखे पुष्कळ असते. त्याने छायाचित्रे दाखवली, चॉकलेटे वाटली, "वहिनी, हे तिकडचं ऑलिव्हचं तेल, लोणच्यात घालू नका हं" असे बजावून माझ्या पत्नीच्या हाती एक बाटली दिली, आणि शेवटी मोठ्या गांभीर्याने पिशवीतून एक वही काढली. "तू लेखक माणूस. तुझ्यासाठी मुद्दाम फ्लॉरेन्सच्या दुकानातून आणली," तो म्हणाला. वही खरोखरच देखणी होती. दाट, सायीच्या रंगाचा कागद, आणि आवरणाच्या आत बारीक अक्षरांत एका गावाचे नाव, फाब्रियानो, आणि त्याखाली 1264 हा सन. मास्तरकीच्या सवयीने मी खिशातले पेन काढले आणि पहिल्या पानावर नाव घालायला निघालो. तोच तो जवळजवळ ओरडला, "अरे, अरे, काय करतोस! त्यात लिहायचं नसतं. जपून ठेव!"

वाचकहो, हा सारा लेख त्या एका वाक्याशी भांडण्यासाठी आहे.

माझा मित्र भला माणूस आहे. त्याच्याशी माझे वैर नाही. परंतु त्याच्या तोंडून जे बोलले गेले ते आज निम्म्या जगाचे मत आहे. कागद ही कपाटात ठेवण्याची वस्तू, वास घेण्याची वस्तू, भेट देण्याची वस्तू! आणि ज्या गावाचे नाव त्या वहीवर होते, त्या गावाच्या उरावर हेच मत आज येऊन बसले आहे. म्हणून त्या गावाची हकीकत आधी सांगितली पाहिजे.

मी इटली पाहिलेली नाही. मॅट्रिकच्या पुढे न गेलेल्या मास्तराला कोण नेतो इटलीला! पण ज्या वस्तूवर पोट भरले आणि जिच्यावर कादंबऱ्या खरडल्या, तिच्या कुळाची चौकशी करण्याइतके कुतूहल माझ्याजवळ आहे. इटलीच्या पाठीच्या कण्यासारखी जी अपेनाइन पर्वताची रांग आहे, तिच्या कुशीत, मार्के नावाच्या प्रांतात हे फाब्रियानो वसले आहे. तीस हजारांच्या आतबाहेर वस्ती, मधून वाहणारी जिआनो नावाची लहानशी नदी, आणि खाली एड्रियाटिक समुद्रावर अँकोना हे बंदर. गावाच्या राजचिन्हावर सिंह नाही की गरुड नाही. नदीवरच्या पुलावर ऐरणीशी उभा राहून घण घालणारा एक लोहार आहे. ज्या गावाने आपल्या मानचिन्हावर लोहार बसवला, त्याच्याविषयी मला तत्काळ आपुलकी वाटली हे कबूल करतो.

आता मुद्द्याची गोष्ट. कागद काही फाब्रियानोने शोधून काढला नाही. तो चीनचा. तेथून समरकंद, बगदाद, इजिप्त, मोरोक्को, स्पेन असा अरबांच्या हातून तो युरोपात आला. फाब्रियानोचे भाट कधीकधी असे काही बोलतात की जणू पहिला कागद याच डोंगरातून उगवला. तो खोटेपणा मला मान्य नाही. युरोपात कागद आला तेव्हा त्याचे स्वागत मात्र काय झाले, ते ऐकण्यासारखे आहे. 1231 साली सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकने आपल्या दक्षिण इटलीतल्या राज्यात कायदा केला की सरकारी दस्तऐवज कागदावर लिहायचे नाहीत, चर्मपत्रावरच लिहायचे. कागद म्हणजे भिकार माल! चिंध्यांपासून केलेला, दमट हवेत बुरशी धरणारा, उद्या फाटेल की परवा याचा भरवसा नसलेला. आणि सम्राटाचे फारसे चुकलेही नव्हते. अरबी पद्धतीच्या कागदाला पिठाची खळ लावीत. कोरड्या देशात ती खळ चांगली. युरोपातल्या ओलसर तळघरात ती बुरशीची मेजवानी.

हा नालायक ठरलेला माल ज्यांनी लायक करून दाखवला ते कोण होते? विद्वान नव्हते, राजे नव्हते, चित्रकारही नव्हते. फाब्रियानोचा एक थोर चित्रकार होऊन गेला, जेंतिले दा फाब्रियानो. त्याने 1423 साली रंगवलेले 'तीन राजांचे वंदन' हे चित्र पाहायला आजही फ्लॉरेन्सच्या उफीत्सी संग्रहालयात रांग लागते. पण तो पुढचा. कागद सुधारला तो लोहाराने, चांभाराने आणि घोंगड्या तुडवणाऱ्याने.

पाहा कसा तो. लगदा करायचा म्हणजे सुती-तागी चिंध्या भिजवून, कुजवून, कुटायच्या. पूर्वी हे काम बहुधा हाताच्या मुसळाने वा दगडी चाकाखाली चाले. फाब्रियानोत लोकर तुडवून घट्ट करण्याचा धंदा होता आणि त्यासाठी पाण्याच्या चाकावर चालणारे हातोडे होते. ज्यांनी छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की पाहिली आहे त्यांना पाण्याने जाते कसे फिरते हे ठाऊक आहे. येथे जात्याऐवजी चाकाच्या लांब कण्याला लाकडी खुंट्या बसवलेल्या. कणा फिरला की खुंटी हातोड्याचा दांडा उचलते, सोडते, आणि हातोडा धाडकन खालच्या कुंडात पडतो. लोहाराने त्या हातोड्यांच्या तोंडाला खिळे ठोकले. पहिल्या कुंडातल्या हातोड्यांना टोकदार खिळे, ते चिंध्या फाडीत. पुढच्यांना बारीक, ते तंतू सोडवीत. शेवटचे हातोडे नुसत्या लाकडाचे, ते लगदा एकजीव करीत. नदी रात्रंदिवस मजुरी करू लागली आणि तिला मजुरी द्यावी लागत नव्हती! कागद स्वस्त झाला तो येथे.

दुसरी युक्ती चामडे कमावणाऱ्यांच्या वाड्यातली. कातडे खरवडल्यावर जी घाण उरते, जी कुत्र्यापुढे टाकायची, ती उकळून तिचा सरस काढायचा आणि वाळलेला कागद त्या कोमट सरसात बुडवून पुन्हा वाळत घालायचा. खळीची जागा सरसाने घेतली. शाई फुटेनाशी झाली, कागद कणखर झाला, बुरशीला लवकर बळी पडेनासा झाला. वर्गात टीपकागदासारख्या वहीवर मुलाने लिहिले की अक्षराला मिशा फुटतात आणि पान उलटले तर मागे भुताटकी दिसते. हा अनुभव ज्या मास्तरला आहे त्याला त्या सरसाची किंमत मी काय सांगावी!

आणि तिसरी, जिचे सर्वांना फार कौतुक, ती जलचिन्हाची. लगदा ज्या साच्यावर उचलायचा त्याची चाळण फाब्रियानोत धातूच्या तारांची केली. तारेवर तार वाकवून एखादे अक्षर, फळ, क्रूस, प्राणी असे काही शिवून टाकले की त्या ठिकाणी लगद्याचा थर पातळ बसतो. कागद उजेडाकडे धरला की चिन्ह दिसते. तेराव्या शतकाच्या अखेरीस ही युक्ती निघाली. भाऊबीजेला ओवाळणीत जी नोट तुम्ही ताटात टाकाल ती आधी दिव्याकडे धरून पाहा. कोऱ्या जागेत गांधीजींचा जो चेहरा उमटतो, तो त्या जुन्या वाकवलेल्या तारेचाच वंशज आहे. आपल्या नोटेचा कागदही लाकडाचा नव्हे, कापसाचा असतो, म्हणजे नातेवाईकपण आणखी जवळचे. नाशिकला 1928 पासून नोटा छापल्या जातात. छापखान्याचा अभिमान आपण बाळगतो, पण छाप्याच्या आधी कागद असतो हे आपल्या लक्षात राहत नाही.

तर सांगायचे हे की, या तिन्ही युक्त्यांत 'कला' म्हणून कोठे काही नव्हते. टिकाऊ, स्वस्त आणि भरवशाचा माल कसा निघेल ही एकच चिंता होती. जलचिन्हसुद्धा शोभेसाठी नव्हते. ते होते 'हा माल अमक्याच्या गिरणीचा' असे सांगणारे अंगठ्याच्या ठशासारखे चिन्ह. आणि हा माल घेणारे गिऱ्हाईक कोण? दस्त लिहिणारे नोटरी, हुंड्या करणारे सावकार, पाठ्यपुस्तके नकलणारे विद्यार्थी. प्रातो गावचा व्यापारी फ्रांचेस्को दातिनी घ्या. तो 1410 साली मेला. फाब्रियानोचा कागद तो विकतही असे आणि वापरीतही असे. त्याच्या पेढीतली सुमारे दीड लाख पत्रे आजही शिल्लक आहेत. त्यांत त्याची बायको मार्गेरिता हिची पत्रे आहेत. ती बाई मोठेपणी लिहायला शिकली, आणि नवरा परगावी असला म्हणजे पीठ किती राहिले, तेल कोणाकडून आणले, अमुक नोकर कसा वागतो हे त्याला कळवीत असे. मधूनमधून त्याला चांगले खडसावीतही असे. चर्मपत्रावर कोणी बायकोला घरखर्च लिहू दिला असता काय? एका ग्रंथाला मेंढरांचा कळप लागे! पिठातेलाचे पत्र लिहिण्याइतका कागद स्वस्त झाला, म्हणूनच सहाशे वर्षांपूर्वीच्या एका गृहिणीचा आवाज आज आपल्याला ऐकू येतो. फाब्रियानोचे थोरपण मला दिसते ते येथे. मायकेलअँजेलोने त्या कागदावर लिहिले की नाही याची चर्चा दुकानदारांनी खुशाल करावी.

ही विद्या गावाला इतकी मोलाची वाटे की पंधराव्या शतकात गावाने ती बाहेरच्याला शिकवण्यावर आणि आसपासच्या पन्नास मैलांत दुसऱ्याने गिरणी घालण्यावर बंदी घातली. बंदी घातली म्हणजे विद्या आधीच पळाली होती हे उघडच आहे. 1390 साली जर्मनीत न्यूरेंबर्गच्या उल्मान श्ट्रोमर या धनिकाने कागदाची गिरणी काढली, तेव्हा त्याने आणलेल्या इटालियन कारागिरांत फ्रांचेस्को आणि मार्को हे मार्के प्रांतातले होते. त्याने त्यांच्याकडून शपथा घेतल्या की दुसऱ्या कोणासाठी काम करणार नाही. पुढे त्यांच्याशी बिनसले तेव्हा त्याने त्यांना कोंडून घातले आणि नव्याने शपथ घेतली तेव्हाच सोडले. हे सारे त्याने स्वतःच्या हाताने टिपून ठेवले आहे. बहुधा कागदावरच! कारागिराचे हात हवेत, पण त्या हातांना स्वतःची इच्छा नको, ही जी धनिकांची हौस आहे ती काही आजची नव्हे.

आणखी एक जुना साक्षीदार उभा करतो, कारण माझ्या भांडणाला त्याचा आधार आहे. फाब्रियानोच्या शेजारचे सासोफेर्रातो हे गाव. तेथला बार्तोलो हा चौदाव्या शतकातला मोठा कायदेपंडित. 1357 साली तो वारला. राजचिन्हे आणि खुणा यांवर त्याने एक प्रबंध लिहिला, आणि त्यात राजांच्या आणि सरदारांच्या चिन्हांच्या पंगतीत फाब्रियानोच्या कागदवाल्यांची जलचिन्हे आणून बसवली. त्याने प्रश्न असा घातला: खूण कोणाची? आणि उत्तर दिले की, कागदाचा कस गिरणीवर अवलंबून असतो, तेव्हा खूण गिरणीबरोबर राहते. ज्याच्या ताब्यात ती गिरणी, मग मालकीने असो वा भाड्याने असो, त्याची ती खूण. वाक्य साधे आहे. पण ते नीट ध्यानात ठेवा, कारण आता आपण आजच्या काळात येणार आहोत.

1782 साली पिएत्रो मिलियानी याने गावातली ढासळलेली ही कला पुन्हा उभी केली. त्याच्या घराण्याच्या गिरण्यांनी पुढे चित्रकारांचा कागद केला, रोख्यांचा केला, नोटांचा केला. युरोच्या नोटांसाठीही या गावाने कागद पुरवला. आणि त्याचबरोबर कचेरीत, शाळेत, छपाईयंत्रात जातो तो पांढरा साधा कागदही केला, रिमेच्या रिमा. 2002 साली ह्या गिरण्या फेड्रिगोनी कंपनीकडे गेल्या. त्या कंपनीत 2018 साली मोठ्या अमेरिकन गुंतवणूकदारांचे भांडवल आले. आणि 2024 च्या ऑक्टोबरात कंपनीने जाहीर केले की कचेरीच्या साध्या कागदाचे उत्पादन आता बंद. तो कागद काढणाऱ्या शाखेचे नाव होते 'जिआनो'. नाव त्या नदीचे, जिने पहिले हातोडे उचलले! सुमारे दोनशे माणसांच्या पोटावर पाय आला. संप झाले, मोर्चे निघाले, मंत्र्यांशी बैठका झाल्या. ज्या गावात आधीच धुलाईयंत्रांचे कारखाने डबघाईला आले होते, म्हणजे 2008 साली एका मोठ्या कारखानदाराचे दिवाळे वाजलेले आणि 2014 साली इंडेसिट ही दुसरी मोठी कंपनी परक्यांना विकली गेलेली, त्या गावाला दोनशे घरांची चूल म्हणजे लहान गोष्ट नव्हे.

कंपनीची बाजूही सांगितली पाहिजे. तिचे म्हणणे, साध्या कागदाची मागणी घटत चालली, स्पर्धा मोठी, तोटा सोसवत नाही. हिशेब खोटा असेल असे मी म्हणत नाही. मला ताळेबंद वाचता येत नाही. आणि हेही खरे की चित्रकलेचा कागद फाब्रियानोत अजून निघतो, उत्तम निघतो. माझा राग हिशेबावर नाही. माझा राग आहे त्या हिशेबाभोवती जी शहाणी, सुसंस्कृत शांतता पसरली तिच्यावर. फाब्रियानोला 2013 साली युनेस्कोने हस्तकलेची 'सर्जनशील नगरी' म्हटले. सान दोमेनिकोच्या जुन्या मठात कागदाचे सुंदर संग्रहालय आहे. तेथे कारागीर चार हातोडे चालवून, साचा बुडवून, पाहुण्यांना कागद करून दाखवतात. उत्तम आहे! मुलांनी पाहावेच असे ते आहे. पण जगाची समजूत अशी झाली की संग्रहालय आहे ना, मग परंपरा जिवंत आहे. वही आहे ना, मग कागद आहे. साधा कागद बंद झाला, तर त्यात हळहळण्यासारखे काय? तो तर कुठेही मिळतो.

बार्तोलोला विचारा. खूण गिरणीबरोबर राहते, असे तो म्हणाला. आज गिरणीचे धुराडे थंड पडते आणि खूण मात्र फ्लॉरेन्सच्या, पॅरिसच्या दुकानांत काचेमागे चमकत राहते. त्या बिचाऱ्या कायदेपंडिताला असा दिवस सुचलाच नसेल, की गिरणी जाईल आणि तिची खूणच तेवढी विकत मिळेल.

येथे माझे विरोधक बोलू लागतात. त्यांना बोलू द्यावे.

पहिला म्हणतो, "मास्तर, संगणकाचे दिवस आहेत. कागद गेलाच पाहिजे. चर्मपत्र गेले तेव्हा मेंढपाळ रडले असतील, म्हणून काय कागद येऊ द्यायचा नव्हता?" हा मुद्दा चांगला आहे आणि मी त्याला भीत नाही. चर्मपत्राच्या जागी कागद आला तेव्हा लिहिणे गरिबाच्या हाती आले. वस्तू बदलली आणि हक्क वाढला. कागदाच्या जागी जे येते आहे त्याने तसे होते आहे काय, हे एकदा माझ्या वर्गात येऊन पाहा. ज्याच्या घरी फोन एक आणि भावंडे तीन, तो मुलगा अभ्यास कशावर करतो? करोनाच्या साथीत, 2020 साली, शाळा फोनवर भरू लागली तेव्हा माझ्या वर्गातली कितीतरी मुले माझ्या डोळ्यांसमोरून नाहीशी झाली. ती मला पुन्हा सापडली ती कागदावर. पाठकोऱ्या कागदांवर गणिते लिहून त्यांच्या गल्लीतल्या किराणा दुकानात ठेवून येत असे मी. सोडवून परत येत. एका मुलीने तर सिगारेटच्या पाकिटांच्या आतल्या बाजूला उत्तरे लिहून पाठवली होती. तिचा बाप पानपट्टी चालवी. संगणकाशी माझे भांडण नाही, हा लेखही कोणीतरी त्यावरच जुळवणार आहे. परंतु वीज, यंत्र आणि महिन्याचे पैसे यांच्यावाचून चालणारी लिहिण्याची वस्तू जगात कागदाशिवाय दुसरी नाही. आणि ती वस्तू सायीच्या रंगाची नसते, पांढऱ्या रिमेतली असते.

दुसरा विरोधक झाडांचा कैवारी. त्याच्यापुढे मी हात जोडतो, कारण त्याचे हृदय चांगले आहे. पण फाब्रियानोचा कागद शेकडो वर्षे एकही झाड न तोडता झाला. जुन्या सदऱ्याचा कागद होत असे, हे त्याने विसरू नये. आजच्या गिरण्या लाकडाचा लगदा वापरतात हे खरे. मग एक गिरणी बंद झाल्याने इटलीतल्या कचेऱ्यांनी कागद वापरणे सोडले काय? त्यांच्या यंत्रांत आता दुसरीकडचा कागद जातो. झाड वाचले नाही. फक्त ते कोठे पडले हे दिसेनासे झाले.

तिसरा विरोधक सर्वांत गोड बोलतो आणि म्हणून सर्वांत धोक्याचा. तो म्हणतो, "साधा माल जाऊ द्या. पूर्वजांची उच्च कला तेवढी जपू या." यालाच मी कौतुकवाला म्हणतो. कौतुकवाला वस्तूला मारीत नाही. तिला बढती देऊन घरी बसवतो. वस्तू कामातून काढून कपाटात ठेवली की तिची किंमत दहापट होते, तिला हात लावणारे शंभरातले एक उरतात, आणि तिला घडवणारे हातही तितकेच उरतात. उच्च कला ही साध्या मालाच्या खांद्यावर उभी असते हे त्याला कळत नाही. ज्या गावात हजार माणसे रोज कागद करतात, तेथे त्यांतला एखादा जलचिन्हाची तार वाकवताना चमत्कार करतो. ज्या गावात दहाच माणसे उरली, तेथे ती दहा माणसे पाहुण्यांना प्रात्यक्षिक दाखवतात.

हे आम्ही कोणाला सांगावे! आमच्याकडे हे नाटक आधीच होऊन गेले आहे. दौलताबादजवळ कागजीपुरा आहे. तुघलकाने 1327 साली राजधानी दक्षिणेत आणली तेव्हा हे कारागीर आले अशी तेथली परंपरा सांगते. जुन्नरचा कागद एके काळी नावाजलेला. तेथली कागदी घराणी पेशवाईत पुण्यास आली आणि कसब्यात कागदीपुरा वसला. या कागदांवर काय लिहिले जाई? जमाखर्च, मोडी पत्रे, सनदा, तक्रारी. म्हणजे दातिनीच्या बायकोचेच विषय. मग इंग्रजांच्या तुरुंगांतून कैद्यांकडून कागद करवला जाऊ लागला, मग गिरण्यांचा आला, आणि कागदी मंडळी देशोधडीला लागली. गांधीजींच्या प्रेरणेने 1940 साली पुण्यात हातकागद संस्था निघाली, तिने ही विद्या वाचवली. तिचे उपकार मोठे आहेत. तथापि आज हातकागद आपल्याला केव्हा आठवतो? लग्नाच्या पत्रिकेला! पाकळ्या चिकटवलेला, कडा खडबडीत ठेवलेला तो कागद पाहुणे हातात घेतात, "वा, हँडमेड!" म्हणतात आणि तारीख पाहण्यासाठी फोन उघडतात. जमाखर्च लिहिणारा जुन्नरी कागद मेला आणि त्याच्या नातवाला आम्ही नवरदेवाच्या मिरवणुकीत नाचायला लावले.

जुन्नरला संग्रहालय मिळाले नाही, युनेस्कोची पदवी मिळाली नाही. फाब्रियानोला दोन्ही मिळाली. एवढाच काय तो फरक. आणि म्हणून फाब्रियानोच्या दोनशे कामगारांचा मोर्चा मला परका वाटला नाही. ते लोक कलेसाठी ओरडत नव्हते. रिमा बांधण्याचे काम मागत होते. त्या मागण्यात त्यांच्या गावाचा सगळा इतिहास होता, आणि तो त्यांच्या पाहुण्यांपेक्षा, गुंतवणूकदारांपेक्षा त्यांना अधिक नीट कळला होता. लोहाराचा हातोडा शोभेसाठी उचलला जात नव्हता, हे लोहाराच्या वंशजाने सांगावे लागत नाही.

आता त्या वहीचे काय झाले, हे वाचकांतले काहीजण नक्की विचारतील. विशेषतः माझा मित्र, जो हा अंक विकत घेणार नाही पण माझ्याकडून मागून नेईल. सांगतो. चार महिने मीही ती कपाटात ठेवली होती. येईल-जाईल त्याला दाखवीत होतो. एकदा तर कादंबरीचे एक प्रकरण सुचले असता ते मी जुन्या परीक्षेच्या पाठकोऱ्या उत्तरपत्रिकांवर लिहिले, पण वहीला हात लावला नाही. म्हणजे कौतुकवाल्यांची यादी करायची तर तिच्यात माझेही नाव पडले असते.

आश्विनात घरात फराळाची गडबड सुरू झाली. मी शाळेतून आलो तो वही स्वयंपाकघरात, डब्यांच्या शेजारी उघडी पडलेली. पहिल्या पानावर पत्नीच्या अक्षरांत: रवा दोन किलो, बेसन तीन, साजूक तूप, खसखस, पोहे पातळ, वेलदोडे, आकाशकंदिलाला दोरा. शेजारी तुपाचा एक डाग. मी काही बोलणार तोच ती म्हणाली, "हाताशी आली ती घेतली. कागद चांगला आहे हो, पेन कसं सरसर चालतं!"

मी पान उलटून पाहिले. तूप मागे उतरले होते. शाई मात्र उतरली नव्हती. हा लेख मी तिसऱ्या पानापासून पुढे लिहिला आहे; दुसऱ्यावर धाकट्याने भागाकार केला आहे, आणि तो चुकला आहे.